नाचाच्या हॉलवाला पंतप्रधान : लाँगफर्ड आणि रूस्कीची भटकंती

गुरुवार

डब्लिनच्या कॉनली स्टेशनातून स्लायगोकडे जाणारी गाडी सुटली की मलिंगारपर्यंत रॉयल कॅनॉल तिच्या सोबतीला असतो. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, पण असतोच. 1961 मध्ये बोटींसाठी बंद झालेला हा कालवा लोकांनी चिकाटीने साफ करत आणला आणि 2010 मध्ये तो शॅनन नदीपर्यंत पुन्हा खुला झाला. मलिंगार सोडलं की लोख औल तळं येतं. रूळ थेट पाण्याच्या कडेने जातात. बाबांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं ते इथेच.

बाबा कराडजवळच्या आमच्या गावी दूध सोसायटीचे चेअरमन होते, पंचायत समितीवरही निवडून आले होते. माझ्याकडे डब्लिनला आल्यावर आठवडाभर म्युझियमं आणि बागा बघून झाल्या, तेव्हा म्हणाले, "शहर पुरे झालं. आता यांची खेडी दाखव. आणि खेड्यातला एखादा पुढारी असला तर त्याचं गाव दाखव." माझ्या डोक्यात लगेच एकच नाव आलं : अल्बर्ट रेनॉल्ड्स.

फेब्रुवारी 1992 ते डिसेंबर 1994 एवढाच काळ हा माणूस आयर्लंडचा पंतप्रधान होता. इथे पंतप्रधानाला टीशक म्हणतात. त्याआधी तो रेल्वेच्या कंपनीत कारकून होता, मग भावाबरोबर गावोगावी नाचाचे हॉल चालवणारा, मग कुत्र्यामांजरांच्या खाद्याचा कारखानदार. वर्तमानपत्र काढलं, सिनेमा थिएटर चालवलं. पहिल्यांदा खासदार झाला तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस होतं. डब्लिनमध्ये त्यांचं नाव काढलं की आजही काही जण 'कंट्री अँड वेस्टर्न' म्हणून हसतात, म्हणजे खेडवळ गाणी वाजवणाऱ्यांची टोळी. मला त्या हसण्याचा राग येतो. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला मिळायचं, यावरून तिथे पेटलेला, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेलेला संघर्ष थांबवण्याचं सगळ्यात अवघड काम या माणसाने अडीच-पावणेतीन वर्षांत पुढे रेटलं. ते त्याला जमलं कारण तो धंदेवाईक होता आणि खेड्यातला होता. मला ते त्याच्याच गावात जाऊन बघायचं होतं.

मलिंगारला उतरलो नाही, पण तिथल्या चौकात जो डोलन या गायकाचा पुतळा आहे, आणि रेनॉल्ड्स बंधूंचा लेकलँड हॉलही याच गावातला. जो डोलन आणि त्याचा ड्रिफ्टर्स शोबँड म्हणजे त्या हॉलांच्या काळातलं मोठं नाव. पुतळा बघायचा असेल तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात सहज होईल.

लाँगफर्ड हे परगण्याचं मुख्य ठिकाण, वस्ती दहा हजारांच्या थोडी पुढे. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत मुख्य रस्ता. आम्ही उतरलो ती बेड अँड ब्रेकफास्टची जागा एका सत्तरीच्या बाईंची. पासपोर्टवरचं आडनाव वाचून त्यांनी विचारलं, "तुम्ही लिओच्या वडिलांच्या भागातले का?" लिओ म्हणजे लिओ वराडकर, 2017 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये आयर्लंडचे टीशक झालेले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. बाबा म्हणाले, "नाही बाई, ते कोकणातले, आम्ही घाटावरचे." मी ते इंग्रजीत कसंबसं समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि सांगून टाकलं की या घरात तीन पिढ्या फिआना फॉलला मत दिलं जातं आणि लिओ पडला फिना गेलचा, पण तुम्ही चहा घ्या.

हे दोन पक्ष समजून घेतल्याशिवाय इथलं गावातलं राजकारण कळत नाही. 1921 मध्ये ब्रिटिशांशी तह झाला, तो मान्य असणारे आणि नसणारे यांच्यात 1922-23 मध्ये यादवी युद्ध झालं. फिना गेल तहवाल्यांची परंपरा सांगतो, फिआना फॉल तहाच्या विरोधकांची. पुढे धोरणांत फारसा फरक उरला नाही, तरी घराणी आपापल्या पक्षाला चिकटून राहिली. 2020 मध्ये हे दोघे पहिल्यांदा एका सरकारात बसले. आमच्या यजमानीणबाईंना ते अजून पचलेलं नाही. रेनॉल्ड्स फिआना फॉलचे.

शुक्रवार

सकाळच्या गाडीने पुढच्याच स्टेशनावर, ड्रोमॉडला उतरलो. इथे जुन्या अरुंद रुळांच्या कॅव्हन-लीट्रिम रेल्वेचं छोटं म्युझियम आहे. हौशी लोकांनी जमवलेले डबे आणि इंजिनं बघण्यात बाबांचा अर्धा तास गेला. तिथून टॅक्सीने रूस्की.

रूस्की म्हणजे शॅननवरचा एक पूल आणि त्याच्या दोन्ही टोकांना चिकटलेली वस्ती. पुलाच्या या बाजूला लीट्रिम, त्या बाजूला रॉसकॉमन, आणि खाली थोडं गेलं की लाँगफर्डची हद्द. धक्क्याला पांढऱ्या क्रूझर बोटी बांधलेल्या होत्या. पर्यटक भाड्याने घेतात आणि आठवडा आठवडा नदीवर राहतात. 3 नोव्हेंबर 1932 ला अल्बर्ट रेनॉल्ड्स इथे जन्मले. शाळेसाठी स्लायगोच्या समरहिल कॉलेजात बोर्डिंगला गेले, परत आले ते नोकरी शोधत. कॉलेजची डिग्री नाही, घरात राजकारण नाही. सीआयई ही सरकारी वाहतूक कंपनी, तिच्या रेल्वे विभागात कारकुनी मिळाली. त्या काळात असली नोकरी मिळालेला मुलगा ती सोडत नसे.

कारण बाकीचे देशच सोडत होते. 1950च्या दशकात चार लाखांवर आयरिश माणसं बाहेर गेली, बहुतेक इंग्लंडला. 1961च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या 28 लाखांवर उतरली. इतकी कमी ती कधीच नव्हती. शॅननकाठचे हे परगणे सगळ्यात जास्त रिकामे झाले. अशा वेळी, ज्या गावात तरुणच उरत नाहीत तिथे तरुणांसाठी नाचाचा मोठा हॉल बांधायचा, हा विचार अल्बर्टच्या थोरल्या भावाला, जिमला सुचला. रूस्कीचा तो हॉल म्हणजे क्लाउडलँड. अल्बर्ट नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी दारावर उभे राहायचे, हिशेब बघायचे. हळूहळू नोकरीपेक्षा हा जोडधंदाच मोठा झाला आणि कारकुनी सुटली.

धक्क्याजवळच्या बाकावर एक आजोबा बसले होते. क्लाउडलँडचं नाव काढल्यावर त्यांनी कुत्र्याची दोरी बाकाच्या पायाला बांधली आणि आमच्यासाठी जागा केली. ते सांगत होते तसं लिहिते.

रविवारी रात्री सायकली येत. शेकड्याने. भिंतीला टेकवलेल्या सायकलींच्या रांगा इतक्या लांब, की घरी जाताना आपली ओळखायची तर सीटला चिंधी बांधून ठेवावी लागे. नंतर सायकलींच्या जागी गाड्या आल्या. आत गेलं की एका भिंतीला मुली उभ्या, समोरच्या भिंतीला मुलगे, मध्ये गुळगुळीत केलेली लाकडी फरशी, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओलांडून मुलीला विचारायला जायचं. तिने नाही म्हटलं तर तेवढंच अंतर परत चालत यायचं. दारू नाही. हॉलमध्ये लेमोनेड-ऑरेंज मिळायचं, त्याला हे लोक मिनरल म्हणतात, आणि चहा-सँडविच. मुलीने तुमच्याकडून मिनरल घेतलं तर पुढचे दोन-तीन नाच तुमचेच, असा अलिखित नियम. स्टेजवर शोबँड : सात-आठ जण, एकसारखे सूट, पितळी वाद्यं, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जे गाजतंय ते सगळं वाजवणार, आणि मध्येच एखादा जुना आयरिश वॉल्ट्झ. "माझी बायको मला तिथेच भेटली," आजोबा म्हणाले. "माझ्या दोन्ही भावांनाही."

बाबांनी विचारलं, "पैसे कशात सुटायचे? तिकिटात की लेमोनेडमध्ये?" हा प्रश्न फक्त सोसायटीच्या चेअरमनला सुचतो. आजोबा खूश झाले. दारावरच्या गल्ल्यात बँडचा ठरलेला वाटा असायचा, म्हणून लोकांना नावाजलेला बँड वाटेल तेवढा महाग, तरी तो आणल्याशिवाय हॉल भरायचा नाही. पाऊस पडला, शेजारच्या गावात दुसरा हॉल उघडा असला, की नुकसान मालकाचं. शिवाय ईस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस दिवसांत नाच बंद. त्या काळात बँड इंग्लंड-अमेरिकेला निघून जात आणि हॉलला कुलूप. 1935च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक हॉलला जिल्हा न्यायाधीशाचं लायसन्स लागे आणि फादरचं मत विरुद्ध गेलं तर ते मिळणं कठीण. म्हणजे धंदा करायचा तर पोलीस, कोर्ट, चर्च, बँडचा मॅनेजर आणि गावातली पोरं, सगळ्यांशी बोलता यायला हवं. आणि बहुतेक व्यवहार तोंडी. फोनवर तारीख दिली की दिली. शब्द फिरवणाऱ्याकडे बँड पुन्हा येत नसे.

रेनॉल्ड्स बंधूंनी याच पद्धतीने मिडलँड्सभर, म्हणजे देशाच्या मधल्या भागात, आणि त्याबाहेरही हॉलांची साखळी उभी केली : मोटमध्ये रोझलँड, रॉसकॉमन गावात फेअरीलँड, अथायला ड्रीमलँड, लिमरिकला जेटलँड. सगळ्या नावांना शेवटी 'लँड'. पाटी लांबून दिसली तरी पोरांना कळायचं कुणाचा हॉल आहे.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अल्बर्ट रेनॉल्ड्स स्वतः दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, पण आयुष्यभर हजारो अनोळखी माणसांच्या गर्दीत, रात्री दोन वाजेपर्यंत, हसतमुखाने उभे राहिले. समोरच्याला काय हवंय आणि तो कुठल्या किमतीला राजी होईल, हे ओळखण्याची त्यांची शाळा ही होती. पुढे उत्तर आयर्लंडच्या राजधानीतल्या, बेलफास्टच्या दोन्ही बाजूंच्या बंदूकधाऱ्यांच्या मनात काय आहे हे त्यांनी याच सवयीने चाचपलं.

रूस्की आज मात्र दमलेलं गाव आहे. मोठा मांसप्रक्रिया कारखाना 2002 मध्ये जळाला, तो परत उभा राहिला नाही. नदीकाठचं हॉटेल 2011 मध्ये बंद पडलं. त्या हॉटेलात आश्रयाला आलेल्या परदेशी लोकांना ठेवायचं ठरलं, तर 2019च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत तिथे दोनदा आग लावली गेली. हे वाचलं होतं, पण पुलावर उभं राहून ऐकताना वेगळंच वाटलं. ज्या गावाने आपली मुलं पिढ्यान्‌पिढ्या बोटीने परक्या देशांत पाठवली, तिथे हे व्हावं याचं मला, स्वतः बाहेरून येऊन इथे घर केलेल्या बाईला, वाईट वाटतं. आजोबांनी त्या विषयावर एवढंच सांगितलं की गावातल्या बहुतेकांना ते पटलेलं नव्हतं.

शनिवार

बसने एजवर्थ्सटाउन. मारिया एजवर्थ या लेखिकेच्या घराण्याचं गाव, आणि आमच्या दृष्टीने रेनॉल्ड्स यांच्या सी अँड डी फूड्स या कारखान्याचं. 1960च्या दशकाच्या अखेरीस रेनॉल्ड्स कुत्र्यामांजरांच्या खाद्याच्या धंद्यात शिरले. नाचाच्या हॉलांचे दिवस भरत आले होते : हॉटेलांना बार आणि डिस्को दोन्ही ठेवता येत होतं, लेमोनेडवर कोण थांबणार? डबाबंद खाद्याचा हिशेब वेगळा होता. हा सगळा मुलूख गुरांचा. माणूस खात नाही असा कत्तलखान्यातला भाग वाया जायचा, तो इथे कामाला आला. इंग्लंडमधल्या सुपरमार्केटांना त्यांच्या स्वतःच्या नावाचे डबे भरून द्यायचे, म्हणजे जाहिरातीचा खर्च नाही. गावच्या पोरांना गावात काम मिळालं. 2006 मध्ये कारखान्याला मोठी आग लागली, तो पुन्हा बांधला, आणि पुढे मालकी बदलली तरी काम चालू आहे. फाटकापर्यंत गेलो, आत अर्थातच सोडत नाहीत. शिफ्ट सुटत होती. बाहेर पडणाऱ्या बायकापुरुषांत पोलिश, ब्राझिलियन, आयरिश, सगळेच दिसत होते.

दुपारी कॉर्लीला जाऊन आलो. कीनाच्या जवळ दलदलीखाली ओकच्या फळ्यांचा एक रस्ता सापडला आहे, ख्रिस्तपूर्व 148 मधला. झाडांच्या वलयांवरून वर्ष इतकं नेमकं ठरलं. हॉलमध्ये तो ओलसर ठेवून दाखवतात. प्रवेशाला पैसे नाहीत. बघाच.

संध्याकाळी लाँगफर्डच्या एका चहाच्या दुकानात राजकारणाचा विषय निघाला. रेनॉल्ड्स 1974 मध्ये काउंटी कौन्सिलवर गेले आणि 1977 मध्ये लाँगफर्ड-वेस्टमीथमधून डॉलवर, म्हणजे इथल्या लोकसभेवर. त्या निवडणुकीत फिआना फॉलने 148 पैकी 84 जागा जिंकल्या. इथल्या खासदाराला टीडी म्हणतात. एका मतदारसंघातून तीन, चार, पाच टीडी निवडले जातात आणि मतदार नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितो. परिणाम असा की तुमचा खरा प्रतिस्पर्धी विरोधी पक्षातला नसतो, तुमच्याच पक्षाचा दुसरा उमेदवार असतो. धोरण दोघांचं एकच, मग लोकांनी तुम्हाला 1 का द्यावा? तर तुम्ही अंत्ययात्रेला आला होता, आईचं मोफत उपचारांचं मेडिकल कार्ड मिळवून दिलं, घरासमोरचा खड्डा बुजवला, म्हणून. दर आठवड्याला टीडी गावोगावी पबच्या मागच्या खोलीत किंवा हॉटेलात बसून लोकांची कामं ऐकतात, त्याला क्लिनिक म्हणतात. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या आमदाराचा जनता दरबार. फक्त इथे खुर्च्या कमी पडत नाहीत."

डब्लिनचे अभ्यासक या पद्धतीवर टीका करतात, देशाचं काम सोडून टीडी खड्डे मोजत बसतो म्हणून. टीकेत तथ्य आहे. पण ज्याला दर आठवड्याला पन्नास माणसांची गाऱ्हाणी ऐकून एकेका वाक्यात सोडवावी लागतात, तो लांबड लावत नाही हेही खरं. मंत्री झाल्यावर रेनॉल्ड्सनी अधिकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की कुठलाही विषय असो, टिपण एका पानात बसलं पाहिजे. 'एक पानवाला' म्हणून त्यांची चेष्टा झाली. मला त्या चेष्टेत तथ्य वाटत नाही. फाइल जाड असली की निर्णय शहाणा होतो असं थोडंच आहे.

रविवार

सकाळपासून पाऊस. सेंट मेल्स कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेला गेलो, आम्ही मागच्या बाकावर. 2009च्या नाताळच्या पहाटे हे कॅथेड्रल आतून पूर्ण जळालं. राखेतून पाच वर्षं काम करून 2014च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं. रेनॉल्ड्स त्याच वर्षी ऑगस्टच्या 21 तारखेला गेले, त्यामुळे उघडलेलं त्यांना बघायला मिळालं नाही. अखेरची वर्षं अल्झायमरने घेतली होती.

नाश्त्याला यजमानीणबाई आमच्याबरोबर बसल्या आणि टेलिफोनची गोष्ट निघाली. 1970च्या दशकात इथे अर्ज केल्यावर फोन यायला वर्षानुवर्षं लागत. 1979 मध्ये तर टपाल कर्मचाऱ्यांचा संप चार महिन्यांहून अधिक चालला, पत्रही नाही. त्या डिसेंबरात चार्ल्स हॉही टीशक झाले. त्यांना नेतेपदी आणणाऱ्या पाच टीडींच्या गटात रेनॉल्ड्स होते, आणि त्यांना टपाल-तार व वाहतूक ही खाती मिळाली. मंत्र्याने नवी एक्स्चेंज, नवी यंत्रणा यांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, खातं मोडून कंपन्या करायची दिशा धरली. 1984 मध्ये फोन आणि टपाल वेगळे झाले, पण पाया इथला. बाईंच्या सासूबाईंनी फोन बसला त्या दिवशी पहिला फोन बॉस्टनच्या बहिणीला लावला आणि दोघी रडल्या, बोलणं झालंच नाही.

दुसरी गोष्ट 2 मे 1981ची. डब्लिनहून लंडनला निघालेलं एअर लिंगसचं विमान एका माणसाने अंगावर पेट्रोल ओतून घेऊन पळवलं. तो पूर्वी ट्रॅपिस्ट या कॅथलिक साधूंच्या मठात राहिलेला. मागणी अशी की फातिमाचं तिसरं रहस्य, म्हणजे पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मेरीमातेने सांगितलं असं मानलं जाणारं गुपित, पोपने जाहीर करावं. विमान फ्रान्समध्ये ल तुके इथे उतरलं. वाहतूकमंत्री म्हणून रेनॉल्ड्स तिथे गेले. काही तासांनी फ्रेंच कमांडोंनी विमानात शिरून त्याला पकडलं, कुणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी ते काउबॉयची टोपी घालून टीव्हीवर गाणं म्हणाले होते. डब्लिनने त्यातलं गाणंच लक्षात ठेवलं.

दुपारच्या गाडीने परतलो. गाडीत बाबा झोपले आणि मी 1992ची टिपणं वाचत बसले. नोव्हेंबर 1991 मध्ये हॉहींना आव्हान देणाऱ्यांची बाजू घेतल्यामुळे अर्थमंत्रिपद गेलं, आणि तीन महिन्यांत, 11 फेब्रुवारी 1992 ला, ते स्वतः टीशक झाले. पहिल्या दिवशी हॉहींच्या आठ मंत्र्यांना घरी पाठवलं. वर्ष संपायच्या आत आघाडीतल्या छोट्या पक्षाशी फाटलं, कारण बीफ निर्यातीच्या चौकशीत साक्ष देताना त्यांनी त्या पक्षाच्या नेत्याला अप्रामाणिक म्हटलं होतं. निवडणूक झाली, पक्षाच्या जागा 77 वरून 68 वर आल्या. याच निवडणुकीत मतदारसंघाची फेररचना होऊन लाँगफर्ड-रॉसकॉमन झाला, म्हणजे रूस्कीची रॉसकॉमनची बाजू त्यांच्या मतदारसंघात आली. सगळे म्हणाले संपला. मग त्यांनी एडिनबर्गच्या युरोपीय शिखर परिषदेतून देशासाठी आठ अब्ज पौंडांची हमी आणली आणि मजूर पक्षाच्या डिक स्प्रिंग यांच्याबरोबर जानेवारी 1993 मध्ये नवं सरकार बनवलं.

सोमवार

डब्लिनच्या मेरियन स्ट्रीटवर सरकारी कचेऱ्यांची घुमटवाली इमारत आहे, तिथल्या फाटकासमोर आम्ही बराच वेळ होतो. 6 सप्टेंबर 1994 ला याच इमारतीच्या पायऱ्यांवर रेनॉल्ड्स, उत्तरेतले शांततावादी राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम आणि आयआरएची राजकीय बाजू समजल्या जाणाऱ्या शिन फेन पक्षाचे जेरी अॅडम्स या तिघांनी हात एकत्र धरले. आठवडाभर आधी, 31 ऑगस्टला, आयआरएने, म्हणजे आयर्लंड एक करण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, शस्त्रसंधी जाहीर केली होती.

तिथपर्यंत ते कसे पोचले ते बघण्यासारखं आहे. जॉन मेजर आणि रेनॉल्ड्स दोघेही अर्थमंत्री होते तेव्हापासून एकमेकांना ओळखत. मेजर ब्रिटनचे पंतप्रधान, पदवी नसलेले, साध्या घरातले. दोघांचं जमलं ते त्यामुळेही असेल. भांडणंही कडाक्याची झाली, डब्लिन कॅसलमधल्या डिसेंबर 1993च्या बैठकीत तर फारच. पण 15 डिसेंबर 1993 ला दोघांनी डाउनिंग स्ट्रीटचं निवेदन जाहीर केलं. त्याचा गाभा एका पानात मावेल : उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनला स्वतःचा स्वार्थी हेतू नाही, आयर्लंड एक व्हायचं की नाही हे आयरिश लोकांनी ठरवायचं, आणि उत्तरेतल्या बहुसंख्यांच्या संमतीशिवाय काही बदलायचं नाही. पहिली दोन वाक्यं आयर्लंड एक व्हावं म्हणणाऱ्या राष्ट्रवाद्यांना हवी होती, तिसरं ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणाऱ्या युनियनवाद्यांना. प्रत्येकाला घरी नेऊन दाखवता येईल असं काहीतरी मिळालं.

निवेदनानंतर ते थांबले नाहीत. जानेवारी 1994 मध्ये शिन फेनच्या लोकांचा आवाज रेडिओ-टीव्हीवर येऊ न देणारी बंदी त्यांच्या सरकारने उठू दिली. अॅडम्स यांना अमेरिकेचा व्हिसा मिळावा म्हणून क्लिंटन यांच्याकडे जोर लावला, लंडनच्या विरोधाला न जुमानता. युनियनवादी सशस्त्र गटांशीही त्यांनी पाद्री आणि मध्यस्थांमार्फत निरोपांची वाट उघडी ठेवली, आणि 13 ऑक्टोबरला त्या गटांनीही शस्त्रसंधी केली. आधीच्या टीशकांना हे शक्य का झालं नाही, असं बाबांनी विचारलं. माझं उत्तर असं : ते जाणते होते, इतिहास जाणत होते, आणि तो इतिहास त्यांच्या हातापायांत यायचा. रेनॉल्ड्स यांनी आधी विचारलं, कोणाला काय दिलं तर तो गोळी झाडायची थांबेल? ज्याने दर शनिवारी वेगवेगळ्या लोकांशी तोंडी सौदे केले, त्यालाच हा प्रश्न असा सरळ विचारता येतो.

पुढचं लिहिताना मला त्रास होतो. नोव्हेंबरात ते पडले. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या ब्रेंडन स्मिथ या पाद्र्याला उत्तर आयर्लंडच्या ताब्यात देण्याची वॉरंटं महाधिवक्त्याच्या कार्यालयात सात महिने पडून राहिली, आणि त्याच महाधिवक्त्यांना, हॅरी व्हेलहन यांना, रेनॉल्ड्स यांनी स्प्रिंग यांचा विरोध असताना उच्च न्यायालयाच्या अध्यक्षपदी नेमलं. मजूर पक्षाचे मंत्री बैठकीतून उठून गेले. 17 नोव्हेंबरला राजीनामा. बाहेर पडताना ते म्हणाले की मोठे अडथळे पार केले आणि लहान अडथळ्याला ठेचकाळलो.

फाटकासमोर आमचा वाद झाला तो यावरच. बाबांचं म्हणणं, "भागीदाराला विचारल्याशिवाय सही करायची नाही, हे हॉलवाल्याला कळायला हवं होतं. भाऊ भागीदार असला की चालून जातं, परका असला की नाही चालत." हे मला पटतं. वाटाघाटीत एकट्याने धाडसी पाऊल टाकायची जी सवय त्यांना तारत होती, तीच आघाडीत नडली. पण अडथळा लहान होता हे मला पटत नाही. ती वॉरंटं मुलांच्या बाबतीतली होती. शांततेच्या कामाइतकंच ते काम सरकारचं होतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो ठेवूनच मी हे म्हणते.

बाबांना ते ऐकायचं नव्हतं. ते म्हणाले, रूस्कीच्या त्या आजोबांनी काय सांगितलं, आठव : अल्बर्ट असता तर 1996च्या फेब्रुवारीत लंडनला बॉम्ब फुटला नसता. शस्त्रसंधी तेव्हा मोडली ती जुलै 1997 मध्ये पुन्हा झाली. मला वाटतं मेजर यांच्या सरकारचं संसदेतलं बहुमत इतकं तोकडं होतं की डब्लिनमध्ये कोणीही असतं तरी पुढची बोलणी रखडलीच असती. यावर आम्ही दुकानातल्या कॉफीपर्यंत बोलत होतो आणि एकमत झालं नाही.

त्यांच्या जागी जॉन ब्रूटन टीशक झाले ती तारीख 15 डिसेंबर 1994, डाउनिंग स्ट्रीटच्या निवेदनाला त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं. 1997 मध्ये पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांना डावलून मेरी मॅकअलीज यांना उभं केलं. आणि 10 एप्रिल 1998 ला बेलफास्टमध्ये शांतता करार झाला तेव्हा अल्बर्ट रेनॉल्ड्स लाँगफर्ड-रॉसकॉमनचे साधे टीडी होते. 2002 पर्यंत ते तेच राहिले.